टोडस्टूल लेदर कोरल महिनाभर मिटलेलं, आता कडेला काळपट डाग. कसं वाचवू?

तासगाव_रीफ

नमस्कार मंडळी. मी तासगावचा, घरची द्राक्षबाग आहे. हॉलमध्ये तीन बाय दीड बाय दीड फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, खाली छोटा संप, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी. दगड-वाळू वजा जाता साधारण दीडशे लिटर पाणी बसतं. मासे दोन क्लाऊनफिश, एक रॉयल ग्रामा. कोरलमध्ये (प्रवाळात) थोडे मश्रूम, झोअँथिड, आणि सगळ्यात जुनं म्हणजे टोडस्टूल लेदर, छत्रीसारखी टोपी असलेलं मऊ कोरल. मुंबईहून रात्रीच्या बसच्या पार्सलनं आलं तेव्हा बोटाच्या पेराएवढं होतं. आता टोपी उघडली की ताटलीएवढी पसरते. पसरायची, असं म्हणायची वेळ आलीय.

गेला महिनाभर एकही पॉलिप (टोपीवरचा फुलासारखा बारीक जीव) बाहेर आलेला नाही. टोपी आक्रसलीय, कडा वर वळल्यात, पिवळसर तपकिरी रंग जाऊन राखाडी झालंय. आधी वाटलं कात टाकतंय, अधूनमधून टाकतंच. पण ह्या वेळी वरचा पापुद्रा नीट सुटतच नाही, नुसत्या चिंध्या लोंबतात. परवापासून टोपीच्या मागच्या घडीत रुपयाएवढा काळपट डाग दिसतोय. तिथं बोट लावलं तर गिळगिळीत लागतं. बाकी अंग अजून घट्ट आहे.

आकडे देतो. तापमान पहाटे २६.५, दुपारी २८ (दोन पंखे लावलेत). सॅलिनिटी (खारेपणा) १.०२५, तो मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर तपासून घेतलेला. अल्कलिनिटी ८.३, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०५. लाईट तोच, जागा तीच. पाणी घरच्या आरओचं. मासे एकदम ठणठणीत, खायला धावून येतात.

बाहेर पारा चाळिशीला टेकलाय, रोज चारेक लिटर पाणी उडून जातं. एक ओळखीचे म्हणतात, हे काढून टाक, मी तुला ॲक्रोपोराचा (दगडी कोरलचा) तुकडा देतो. मला दुसरं नको, हेच वाचवायचंय. धाकटी शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी त्याच्याकडं बघते. कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

कोल्हापूर_मरीन

दादा, नव्वद टक्के वेळा हे कात टाकणंच असतं. लेदर वरचा मेणचट थर सोडतं, त्यात शेवाळ-कचरा निघून जातो. पॉलिप आठ-दहा दिवस आत राहतात, कधी कधी जास्तही. वेव्हमेकर (पाणी हलवायचा पंप) थोडा त्याच्याकडं वळवा, थेट झोत नको, वरून वाहतं पाणी मिळालं पाहिजे. पापुद्रा आपोआप निघेल. हातानं ओढून काढू नका.

काळ्या डागाचं मात्र मला सांगता येणार नाही. फोटो टाका.

इस्लामपूरकर

डाग गिळगिळीत आहे म्हणजे कुजायला लागलंय. तो भाग ब्लेडनं कापा, आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढा आणि परत ठेवा. आमच्याकडं गेल्या उन्हाळ्यात असंच झालं होतं, तापमानामुळं. दिवसा-रात्रीत दीड अंशाचा फरक पडतोय तो कमी करा. जमलं तर चिलर घ्या, आपल्याकडच्या उन्हात पंखे पुरत नाहीत.

शाहूपुरी_रसायन

तासगावचे दादा, ब्लेड हातात घ्यायच्या आधी जरा थांबा.

मी साताऱ्याची, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, टाकी बरीच वर्षं आहे. तुम्ही कोरलबद्दल सगळं लिहिलंत, माशांबद्दल लिहिलंत. टाकीतल्या बाकीच्या जिवांचं काहीच लिहिलं नाहीत. गोगलगायी आहेत का? असतील तर काचेवर फिरतात की खाली पडलेल्या असतात? कोळंबी आहे का, आणि तिनं शेवटची कात कधी टाकली? झोअँथिड पूर्ण उघडतात की अर्धे? आणि घरच्या आरओचं मॉडेल जुनं आहे की अलीकडं बदललंय?

कात टाकणारं लेदर आणि आजारी लेदर यांतला फरक नुसत्या लेदरकडं बघून कळत नाही. बाकीची टाकी काय करतेय ते बघावं लागतं.

तासगाव_रीफ

ताई, तुम्ही विचारल्यावर सगळं डोळ्यांपुढं आलं. टर्बो गोगलगायी होत्या, पाडव्यानंतर एकेक करून गेल्या. वाळूवर उताण्या पडायच्या, उचलून काचेला लावलं की पुन्हा सुटून खाली. शेवाळ कमी पडलं असेल असं घरात सगळ्यांना वाटलं. क्लीनर कोळंबी महिन्याभरात दिसली नाही. झोअँथिड अर्धवट उघडतात, पाकळ्या आखूड झाल्यात. मश्रूम त्यातल्या त्यात बरे.

आरओ पाडव्याच्या ऑफरमध्ये नवीन घेतलं. चांगलं मशीन आहे. ते बसवायच्या आधी पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ८-१० यायचा, आता ७० येतो. फिटर म्हणाला ती खनिजं आहेत, पिण्याला चांगली. खोक्यावर 'कॉपर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

शाहूपुरी_रसायन

माझा सगळा संशय तिथंच आहे. मासे ठणठणीत, गोगलगायी गेल्या, कोळंबी गायब, कोरल मिटलेलं: हे चार एकत्र दिसले की तांबं शोधायचं. उष्णतेचा त्रास असता तर मासे वर येऊन धापा टाकताना दिसले असते. क्षार कमी-जास्त झाले असते तर तुमच्या आकड्यांत दिसलं असतं. अल्कलिनिटी घसरली असती तर तेही दिसलं असतं. तुमचे आकडे सगळे चांगले आहेत, आणि आपण रोज तपासतो त्या किटांत तांबं नसतंच.

तुम्ही द्राक्षवाले, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. डाऊनीवर बोर्डो का मारता? शंभर लिटरला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना, त्यातलं तांबं बुरशीला जगू देत नाही आणि वेलीला सोसतं. टाकीतही तसाच भेद आहे. माशांना होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आपण मुद्दाम तांबं घालतो, लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम, आणि मासे त्यातून तरून जातात. तेवढ्याच तांब्यात गोगलगाय, कोळंबी, कोरल जगत नाहीत. म्हणून ते औषध कायम वेगळ्या टाकीत द्यायचं असतं. मोकळ्या समुद्राच्या पाण्यात तांबं लिटरला एक मायक्रोग्रॅमसुद्धा नसतं, म्हणजे औषधाच्या मात्रेच्या शंभराव्या भागाहून कमी. हे जीव त्या पाण्यात घडलेत. (गोगलगायीच्या आणि कोळंबीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्याचंच असतं. त्यांना तांबं लागतंच, पण ते त्यांनी अन्नातून मोजकं घेतलेलं असतं. पाण्यात मोकळं फिरणारं तांबं कल्ल्यांना भिडतं आणि तिथं घात करतं.)

आता तुमच्या मशीनचं. ह्या नव्या मशीनमध्ये पाणी मेम्ब्रेनमधून (आरओच्या बारीक गाळणीतून) शुद्ध होऊन बाहेर आलं की पुढं एका कार्ट्रिजमधून जातं, तिथं त्यात तांबं मिसळतं. शिवाय टीडीएस कंट्रोलर असेल तर थोडं न गाळलेलं पाणीही परत त्यात सोडलं जातं. तुमचे ८-१० चे ७० झाले ते त्यामुळंच. माणसाला ह्यात काही धोका नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आयएस १०५०० आहे, त्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं असं आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. घरच्यांनी ते पाणी निर्धास्त प्यावं.

पण टाकीत ते साचतं. तुमचं रोज चार लिटर पाणी उडतं, आणि तेवढंच आरओचं पाणी तुम्ही वरून ओतता. उडतं ते नुसतं पाणी, तांबं मागं राहतं. समजा तुमच्या आरओच्या पाण्यात लिटरला फक्त ०.२ मिलिग्रॅम आहे. चार लिटर म्हणजे रोज ०.८ मिलिग्रॅम. दीडशे लिटरात ते रोज ०.००५ नं चढतं. महिनाभरात ०.१६. औषधाची मात्रा झाली. सगळं पाण्यात राहत नाही, बरंचसं दगड आणि वाळू धरून ठेवतात, म्हणूनच तुमचं कोरल अजून उभं आहे. पाडवा ते आज, आणि कडक उन्हाळा, हिशोब जुळतो.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यातलं तांबं किती ते सांगत नाही. ७० मध्ये ०.२ कुठं दिसणार?

दोन गोष्टी विचारते. फवारणीच्या कामातली बादली, मग, पंप, काहीही टाकीच्या पाण्याला कधी लागलं का? आणि खरड छाटणीनंतर खोडांना बोर्डो पेस्ट लावून आल्यावर त्याच दिवशी हात टाकीत घातले का? हा दुसरा रस्ता असू शकतो, म्हणून विचारतेय.

खात्री कशी करायची तेही सांगते. तुमच्या भागात पान-देठ परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, देठातलं जस्त, लोह, तांबं तिथं मोजतातच. तिथं आरओच्या पाण्याची बाटली द्या आणि फक्त तांबं मागा. टाकीचं पाणी देऊ नका, इतक्या मिठात त्यांच्या यंत्राचा आकडा विश्वासाचा येत नाही. बाटली नवी प्लॅस्टिकची, त्याच पाण्यानं विसळून घेतलेली. टाकीच्या पाण्यासाठी हौशी लोकांचं तांब्याचं किट वापरा. पण लक्षात ठेवा, त्या किटवर शून्य आलं म्हणजे तांबं नाही असं नव्हे. कोरलला त्रास होतो ते प्रमाण त्या रंगात उतरतच नाही.

तासगाव_रीफ

ताई, मळ्यातलं सामान मळ्यातच असतं, फवारणीची बादली घरात येत नाही. टाकीचे मग आणि ड्रम वेगळे. छाटणीनंतर पेस्ट लावायला गडी होते, मी हात लावला नाही.

बाटली प्रयोगशाळेत दिली. तोवर काय करू? डाग वाढतोय. आज दोन रुपयांएवढा वाटतो.

शाहूपुरी_रसायन

रिपोर्टची वाट बघत बसू नका, आजच सुरुवात करा.

आधी त्या आरओचं पाणी टाकीत जाणं बंद. चार-पाच कॅन डिस्टिल्ड वॉटर आणा. बॅटरीत घालायचं म्हणून विकतात तेही चालतं, मात्र प्रत्येक कॅन उघडून टीडीएस मोजा. शून्य-एक आला तरच वापरा, दुकानदाराच्या शब्दावर नको. त्यात मीठ घोळून वीस लिटरचा एक स्वच्छ टब तयार करा, रात्रभर हवेचा दगड (बुडबुडे सोडणारा) चालू ठेवा, हीटर लावा, तापमान आणि सॅलिनिटी टाकीशी जुळवा. लेदर दगडासकट उचलून त्यात ठेवा. छोटा पंप हवा, पाणी हलतं राहिलं पाहिजे. ह्या टबाचा दुहेरी उपयोग आहे. कोरलला स्वच्छ पाणी मिळतं, आणि दोन-तीन दिवसांत त्यानं थोडी जरी टोपी सैल केली तरी दोष टाकीच्या पाण्यात आहे हे तुम्हाला प्रयोगशाळेच्या आधी कळतं. टबातलं पाणी रोज थोडं बदला, एवढ्या कमी पाण्यात घाण लवकर होते.

कापायचं ते टबात गेल्यावर. इस्लामपूरच्या दादांनी सांगितलेलं चूक नाही, क्रम बदलायचा एवढंच. ज्या पाण्यानं जखम झाली त्याच पाण्यात कापलेली कड परत कुजते. नवं धारदार ब्लेड घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला. डागाच्या कडेवर कापू नका. डागाच्या बाहेर सेंटीमीटरभर निरोगी, घट्ट मांस घेऊन एकाच चिरेत काढा. खालची कड आतून एकसारखी पांढुरकी दिसली पाहिजे. तपकिरी रेघ दिसली तर अजून थोडं घ्या. मन घट्ट करा, लेदरला कापणं सोसतं, हौशी लोक त्याचे तुकडे करूनच नवी रोपं करतात. मग लुगॉल्स आयोडीन बाटलीवरच्या मात्रेत घातलेल्या वेगळ्या पाण्यात दहा मिनिटं, आणि स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून टबात परत.

कापल्यावर लेदर खूप चिकट सोडतं, आणि त्यातली टर्पिन जातीची रसायनं बाकीच्या कोरलना त्रास देतात. सार्कोफायटॉन, म्हणजे हेच टोडस्टूल लेदर, ह्यासाठी प्रसिद्धच आहे. म्हणून ही कापाकापी टाकीत करायची नाही. निरोगी कापलेला तुकडा जगवायचा असेल तर सुपर ग्लूच्या नादी लागू नका, चिकटामुळं धरत नाही. दगडाच्या तुकड्यावर ठेवून टूथपिक आरपार घाला किंवा सैल रबर बँड लावा.

झोअँथिडच्या दगडाला हात लावताना तर हातमोजे हवेतच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, ते फार जहाल आहे. ते दगड खरवडायचे नाहीत, गरम पाणी ओतायचं नाही. घरात लहान मूल आहे म्हणून मुद्दाम सांगते.

टाकीकडं बघू. चौथा हिस्सा पाणी बदला, डिस्टिल्डमध्ये मिसळलेल्या मिठाचं. दोन-तीन दिवसांनी परत, असं काही वेळा. नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. तांबं धरणारं राळेसारखं औषध मिळतं, सीकेमचं क्युप्रिसॉर्ब, ते पिशवीत घालून संपमध्ये जोरात पाणी वाहतं तिथं ठेवा. पॉली-फिल्टरचं पॅडही चालेल, तांबं धरलं की ते निळसर होतं, त्यामुळं काम होतंय की नाही ते डोळ्यांनी दिसतं.

आणि त्या ॲक्रोपोराचं. घेऊ नका. आपल्याकडं सगळी दगडी, म्हणजे रीफ बांधणारी कोरलं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ सालापासून. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. ऑर्गन पाइप, फायर कोरल, काळं कोरल आणि समुद्रपंखेही त्याच यादीत. लेदर, मश्रूम, झोअँथिड ह्या यादीत येत नाहीत. ओळखीचा माणूस प्रेमानं देतोय हे खरं, पण तो तुकडा कुठल्या तरी समुद्रातून तोडलेला असू शकतो. आपल्या मालवणच्या समुद्रात कोरल आहे, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक हे समुद्राखालचं कोरलचं पठार आहे. ती तिथंच राहू देत. ज्याच्यावर प्रेम करता त्याला तोडून आणायचं नाही, एवढं तरी आपण पाळू.

कोल्हापूर_मरीन

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. आमच्याही घरी ह्याच वर्षी कॉपरवालं मशीन आलंय. टाकीला मी जुन्याच युनिटचं पाणी घेतो म्हणून वाचलो. ज्यांच्याकडं एकच मशीन आहे त्यांनी काय करायचं?

शाहूपुरी_रसायन

फिटरला बोलवा आणि मेम्ब्रेनच्या लगेच पुढं, तांब्याच्या कार्ट्रिजच्या आणि कंट्रोलरच्या आधी, एक टी बसवून वेगळा नळ काढून घ्या. छोटं काम आहे. त्या नळाला पुढं डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरणारं) कार्ट्रिज लावा, टीडीएस शून्यावर आणा. नळ प्लॅस्टिकचाच लावा, पितळी नको, पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. रेझिन संपत आलं की टीडीएस वर सरकायला लागतो, तेव्हाच बदलायचं. कृष्णेचं पाणी असेल तर रेझिन बऱ्यापैकी टिकतं, बोअरचं असेल तर लवकर जातं.

तासगाव_रीफ

रिपोर्ट आला. आरओच्या पाण्यात तांबं लिटरला ०.२३ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, पाणी पिण्यालायक आहे, काळजी करू नका. त्याला टाकीचं सांगितलं तर तो आश्चर्यानं बघत राहिला, मग स्वतःहून आरओच्या आधीच्या नळाचं पाणीही तपासून दिलं. त्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणजे तांबं मशीनमध्येच मिसळतंय, नळातून येत नाही.

टबात ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी टोपीची कड थोडी खाली आली. तेव्हाच कापलं. ताईंनी सांगितलं तसं आतली कड पांढुरकी दिसेपर्यंत घेतलं, एकदा तपकिरी रेघ दिसली म्हणून परत थोडं काढलं. बायकोनं टॉर्च धरला होता. वास आला, समुद्रकिनाऱ्यावर कुजलेल्या शेवाळाचा येतो तसा, पण फक्त काढलेल्या तुकड्याला. उरलेल्या अंगाला अजिबात नाही.

टाकीतलं पॉली-फिल्टर दोन दिवसांत आकाशी झालं. बदललं, दुसरंही झालं, पण फिकट. झोअँथिड सगळ्यात आधी पूर्ण उघडले. लेदर अजून टबातच आहे. जुना पापुद्रा एका रात्रीत पूर्ण सुटला, अख्खा, आणि खाली पिवळसर तपकिरी तुकतुकीत अंग. काल संध्याकाळी टोपीच्या मधोमध बोटभर जागेत पॉलिप बाहेर आले होते. भिंग लावून बघितलं, प्रत्येकाला आठ बाहू, आठही उघडे. धाकटीनं मोजले.

आता दोन प्रश्न. टाकीत परत कधी ठेवू? आणि लाईव्ह रॉक (टाकीतले जिवंत दगड) टाकून द्यायचे का? त्यांत तांबं शिरलंय असं तुम्ही म्हणालात.

शाहूपुरी_रसायन

फार बरं वाटलं वाचून. आठही उघडे म्हणजे ते खाण्याच्या मनःस्थितीत आहे.

दगड टाकू नका. त्यांनी धरलेलं तांबं ते हळूहळू पाण्यात सोडत राहतील, म्हणून क्युप्रिसॉर्ब अजून काही महिने चालूच ठेवा. काळपट निळं झालं की नवं घाला. ज्या टाकीत औषध म्हणून भरपूर तांबं ओतलं त्या टाकीचे दगड मी वापरू नका म्हणेन. तुमच्या टाकीत तेवढं गेलेलं नाही, आणि पॉली-फिल्टरचा दुसरा तुकडा फिकट झाला ही चांगली खूण आहे. तिसरा पांढराच राहिला की पुढचं.

पुढचं म्हणजे एकच टर्बो आणा. बसनं आली तर पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. टाकीचं पाणी थेंब-थेंब तिच्या डब्यात सोडून तासभर घ्या, गोगलगायींना सॅलिनिटीचा अचानक बदल सोसत नाही आणि त्यानं मेली तर आपण उगाच तांब्याला दोष देऊ. आठवडाभर ती काचेवर घट्ट धरून फिरली, पाडली तर स्वतः उलटली, तर लेदर टाकीत न्या. आधीच्याच जागी, पण पहिले काही दिवस लाईट कमी वेळ ठेवा, टबात त्याला कमी उजेडाची सवय झालीय. कोळंबी सगळ्यात शेवटी.

पावसाळ्यात हवा दमट झाली की तुमचं पाणी कमी उडेल, टॉप-अप, म्हणजे वरून ओतायचं पाणी, निम्म्यावर येईल. तेव्हा सॅलिनिटी जास्त वेळा तपासा, हात उन्हाळ्याच्या सवयीनं जास्त पाणी ओततो.